"किती टक्के चान्स आहे?"

आज एका जुन्या सहकारी मुलीने एमबीएच्या अर्जाचे कागद पाठवले. खाली एकच प्रश्न: "दादा, किती टक्के चान्स?" मी काय पंचांग उघडून बसलोय!

जीमॅट, म्हणजे एमबीए प्रवेशासाठीची परीक्षा, त्यात 655. बाईसाहेब रडकुंडीला, कारण कुठल्यातरी जुन्या यादीत प्रवेश मिळालेल्यांची सरासरी 720 दिसली. अगं, ती जुनी परीक्षा, 200 ते 800 वाली. आताची 205 ते 805, प्रत्येक स्कोअर पाचवर संपतो आणि 655 म्हणजे पर्सेंटाइल नव्वदच्या आसपास, शंभरातल्या नव्वदेक जणांच्या पुढे. स्कोअर नाही, पर्सेंटाइल ताडून बघ. तेव्हा कुठे तिच्या जिवात जीव आला.

मला खरी धास्ती वाटली ती रेझ्युमेची. "प्रोजेक्टमध्ये सहभाग." सहभाग म्हणजे? मीटिंगमध्ये खुर्ची उबवलीस की निर्णय घेतलेस? खोदून विचारलं तेव्हा कळलं, मॅनेजर सोडून गेल्यावर चार महिने सहा जणांची टीम हिनेच सांभाळली होती. अर्जात त्याबद्दल अवाक्षर नाही! शिफारसपत्र मात्र मोठ्या साहेबांचं, ज्यांना हिचं नावही धड आठवत नसेल.

टक्के शेवटपर्यंत सांगितले नाहीत. रात्री नवा मसुदा आला. पहिल्याच ओळीत ते चार महिने.