वनकायद्यात स्पेशलायझेशन करणाऱ्यांसाठी

आजचा दिवस विधीच्या विद्यार्थ्यांसोबत वनहक्क दाव्यांच्या (जंगलावरच्या हक्कांसाठी गावकऱ्यांनी केलेल्या अर्जांच्या) फायली वाचण्यात गेला. नैसर्गिक संसाधनांचा कायदा शिकायचाय म्हणणारी पोरं 'वन' शब्दाचा व्यापक अर्थ लावणारा सर्वोच्च न्यायालयाचा १२ डिसेंबर १९९६ चा गोदावर्मन आदेश घडाघडा सांगतात, पण सातबारावरची 'झुडपी जंगल' (खुरट्या झुडपांची जमीन) नोंद पाहून थबकतात. विदर्भात काम करायचं तर ती नोंद, निस्तारपत्रक (गावाच्या सरपण-चराईसारख्या हक्कांची नोंद) आणि गावनकाशा वाचता यायलाच हवं. निवाडे नंतर.

२००६ च्या वनहक्क कायद्यात दाव्याचा नमुना 'अ' वैयक्तिक, 'ब' सामुदायिक हक्कांसाठी (चराई, गौण वनोपज वगैरे), 'क' सामूहिक वनसंपत्तीसाठी (गावाने राखायचं जंगल). 'ब' आणि 'क' यांची गल्लत झाली की जंगल राखण्याचा, त्याच्या व्यवस्थापनाचा हक्क (कलम ३(१)(झ)) मागायचाच राहून जातो. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये मिळाला तो हाच.

दावा कोसळतो तो बहुधा कागदावर. पुरावा एकच जोडलेला; नियमाला एकाहून अधिक लागतात. ग्रामसभेला निम्मे सदस्य हवेत, हजर असलेल्यांत एकतृतीयांश महिला. ठरावाखालच्या सह्या मोजा म्हणजे कळेल. उपविभागीय समितीच्या निर्णयाविरुद्ध जिल्हा समितीकडे जायला ६० दिवस.

पर्यावरणाचे खटले चालवणाऱ्या राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाचं पश्चिम विभागाचं पीठ पुण्यात, म्हणून सगळ्यांना इंटर्नशिप तिथेच हवी. जा की! पण वनहक्क कायदा आणि १९७२ चा वन्यजीव कायदा न्यायाधिकरणाच्या पहिल्या अनुसूचीत (कोणत्या कायद्यांखालचे वाद तिथे चालतात त्या यादीत) नाहीत. पर्यावरण मंजुरीविरुद्धचं अपील ३० दिवसांत, सबळ कारण असेल तर आणखी ६०. एक्क्याण्णवाव्या दिवशी बाजू कितीही भक्कम असो, दार बंद.