व्हायरल लोड खाली आला, त्यानंतरचे प्रश्न

एचआयव्हीसह जगणाऱ्या स्त्रीच्या तपासणीत विषाणू आढळेनासे झाले, की उपचार यशस्वी झाले असे आपण मानतो आणि वैद्यकीयदृष्ट्या ते खरेच आहे. १९९६ पासून रूढ झालेल्या संयुक्त औषधोपचारांनी आयुष्य वाढवले. रक्तातील विषाणूंचे प्रमाण, म्हणजेच व्हायरल लोड, असे नगण्य राहिले तर लैंगिक संबंधांतून जोडीदाराला लागण होत नाही, हेही आता सिद्ध झाले आहे. तरीही समुपदेशन करताना मला सतत जाणवते, की अहवाल उत्तम असलेली स्त्री समाधानाने जगत असेलच असे नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने एचआयव्हीबाधितांसाठी तयार केलेल्या ३१ प्रश्नांच्या प्रश्नावलीत झोप, पैसा, नातेसंबंध, भविष्याची धास्ती यांबरोबरच लोक दोष देतात त्याचा किती त्रास होतो, हेही विचारले जाते. स्त्रियांच्या बाबतीत हा शेवटचा प्रश्न फार खोलवर जातो, कारण अनेकदा गरोदरपणातील तपासणीत निदान आधी तिचे होते आणि संसर्ग तिनेच घरात आणला असे ठरवून सगळे मोकळे होतात. मग ती बाटलीवरचे लेबल खरवडून काढते, गोळ्यांचा आवाज होऊ नये म्हणून आत कापूस भरते आणि घरी पाहुणे असले की तिची गोळी चुकते. नोंदवहीत मात्र ‘औषधात अनियमितता’ एवढेच लिहिले जाते, याचे मला मनापासून वाईट वाटते.

शरीराच्या तक्रारीही अशाच मागे पडतात. रजोनिवृत्तीच्या काळात रात्री घाम येऊ लागला, तर आजार पुन्हा बळावला या भीतीने ती खचते, कारण हे असे होऊ शकते हे तिला आधी कोणी सांगितलेलेच नसते. काही नव्या औषधांनी वजन वाढते, तेही स्त्रियांमध्ये अधिक. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचा धोका तर इतर स्त्रियांच्या तुलनेत सुमारे ६ पट असतो. म्हणून वयाच्या २५ व्या वर्षापासून दर ३ ते ५ वर्षांनी एचपीव्ही या, हा कर्करोग घडवणाऱ्या विषाणूची तपासणी करावी, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे.

ज्यांचा विषाणू आटोक्यात आला आहे त्यांपैकी ९० टक्के लोकांचे जीवनमान चांगले असावे, असे उद्दिष्ट काही तज्ज्ञांनी २०१६ मध्ये सुचवले होते. ते गाठायचे असेल तर प्रत्येक भेटीत गोळ्या मोजण्याआधी तिला एकटीला बसवून, झोप लागते का आणि घरी गोळी उघडपणे घेता येते का, एवढे तरी विचारले गेले पाहिजे.