फॉस्फेट शून्य आणि दगडावर हिरवे केस

माझ्या प्रवाळांच्या टाकीत, म्हणजे खाऱ्या पाण्याच्या मत्स्यालयात, मागच्या दगडावर हिरव्या केसांसारखे शेवाळ पसरू लागले, तेव्हा मी सर्वांत आधी पाण्याची चाचणी केली आणि तिच्या निकालामुळे कित्येक आठवडे चुकीच्या दिशेने विचार करत राहिलो. फॉस्फेट शून्य होते आणि नायट्रेटही जवळजवळ शून्य. पाण्यात पोषणच नसेल, तर हे शेवाळ जगते तरी कशावर? पुढे लक्षात आले की चाचणीत फक्त पाण्यात उरलेले फॉस्फेट दिसते, शेवाळाने आधीच शोषून घेतलेले दिसत नाही. शिवाय दगड आणि वाळू कॅल्शियम कार्बोनेटची असल्याने फॉस्फेट त्यांच्या पृष्ठभागाला चिकटून राहते आणि पाण्यातले प्रमाण घटले की सावकाश सुटू लागते. शेवाळ रुजलेले असते ते नेमके त्याच पृष्ठभागावर.

म्हणून आता मी औषधाच्या आधी हाताने उपटण्याला महत्त्व देतो. उपटलेल्या प्रत्येक झुबक्याबरोबर त्याने साठवलेले नायट्रेट आणि फॉस्फेटही टाकीबाहेर जाते. जो दगड उचलता येतो, तो टाकीच्याच पाण्याने भरलेल्या बादलीत धरून टूथब्रशने घासावा आणि ते पाणी फेकून द्यावे. ज्या दगडावर प्रवाळ पसरले आहेत, तिथे एका हातात पाणी ओढणारी नळी धरून दुसऱ्या हाताच्या बोटांनी उपटावे, कारण सुटलेला तुकडा दुसरीकडे जाऊन पुन्हा रुजू शकतो. हे काम कंटाळवाणे आहे, पण त्याला पर्याय मला सापडलेला नाही.

गोगलगायी सोडायच्या त्या यानंतर. लांब वाढलेल्या शेवाळाला त्या सहसा तोंड लावत नाहीत, मात्र घासून उरलेले आखूड खुंट ट्रोकस आणि टर्बो या जातींच्या गोगलगायी आवडीने खरवडतात. अ‍ॅस्ट्रिया ही गोगलगाय उलटी पडली की तिला बहुधा स्वतःहून सरळ होता येत नाही, म्हणून मी ट्रोकसला पसंती देतो.

फॉस्फेट शोषणारे लोहयुक्त दाणे मी वापरतो, पण सांगितलेल्या मात्रेच्या निम्म्याने सुरुवात करतो. फॉस्फेट एकदम खाली आले, तर शेवाळाआधी प्रवाळच फिकट पडतात, काही वेळा त्यांच्या ऊती सुटू लागतात. माझे लक्ष्य शून्याचे नसते, फॉस्फेट ०.०३ ते ०.१ पीपीएम (दहा लाख भागांत इतके भाग) आणि नायट्रेट ५ ते १० पीपीएम यांदरम्यान राहिले की मला समाधान वाटते. दोन्ही अगदी संपवली, तर डायनोफ्लॅजेलेट्स या सूक्ष्म एकपेशीय जीवांना मोकळे रान मिळते: बुडबुडे अडकलेला तपकिरी, चिकट थर वाळूवर आणि दगडांवर पसरतो, आणि तो त्यांतल्या ऑस्ट्रिऑप्सिस या विषारी प्रकाराचा असेल तर त्याच्या विषाने गोगलगायीही मरू शकतात. त्यापेक्षा हिरवे केस कितीतरी बरे.

पाणी भरताना आरओ-डीआय या शुद्धीकरण यंत्रातून आलेल्या पाण्याचा टीडीएस, म्हणजे त्यात विरघळलेल्या घन पदार्थांचे प्रमाण, मी दर वेळी पाहतो. तो शून्यावरून सरकू लागला की डीआय रेझिन (उरलेले क्षार शोषणारे दाणे) बदलायची वेळ झालेली असते. अशा वेळी सिलिकेटही सुटू लागते आणि काचेवर डायटम या सूक्ष्म शैवालाचा तपकिरी लेप धरतो.

शेवाळ ओळखण्याची घाई मात्र करू नये. तंतू पिसासारखा, मधल्या दांड्याला दोन्ही बाजूंनी बारीक फांद्या असलेला दिसला, तर ते ब्रायॉप्सिस हे वेगळ्या प्रकारचे शेवाळ समजावे. त्यावर फ्लुकोनॅझोल हे बुरशीवरचे औषध लिटरमागे सुमारे ५ मिलीग्रॅम या मात्रेत अनेक जण वापरतात. त्या काळात पाणी गाळण्यासाठी ठेवलेला सक्रिय कोळसा काढून ठेवावा लागतो, नाहीतर तोच औषध शोषून घेतो. परिणाम दिसायला दोन-तीन आठवडे लागू शकतात, आणि मरणारे शेवाळ आपले सगळे पोषण पाण्यात परत सोडते. म्हणून औषध घालण्याच्या आदल्या दिवशी मी पुन्हा टूथब्रश आणि बादली घेऊन बसतो.