सव्वातीन एकर रान घ्यावं की नको

बाबांना फोनवर म्हटलं, रान बघून आलोय, घ्यायचा विचार चाललाय, तर ते एकदम खूश. लगेच "पाणी किती पुरसावर हाय?" आमच्या साताऱ्याकडे रान म्हणजे शेत, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. मग सांगितलं की शेत नाही ओ, जंगल आहे, संगमेश्वर तालुक्यात, चढाचं आहे, विहीर नाही, ऊस तर नाहीच नाही. जरा वेळ फोन गप्प. "मग पिकणार काय त्यात?" काही नाही. "आन म्हणतोय किती?" म्हटलं पंधरा लाख, पण चौदापर्यंत येईल. त्यांनी फोन आईकडे दिला.

तर विषय हा आहे. तीन एकर दहा गुंठे, सातबाऱ्यावर १ हेक्टर ३१ आर, जवळजवळ सगळं पोटखराब्यात, म्हणजे लागवडीला न येणारं म्हणून, दाखवलेलं. रत्नागिरी जिल्ह्यात सरकारी जंगल अगदी नावापुरतं आहे, डोंगरउतारावर जे हिरवं दिसतं ते बहुतेक कुणाच्या तरी मालकीचं असतं हे मला चाळिशी येईपर्यंत माहीत नव्हतं. ऑफिसातल्या एका मित्राचा मामा तिकडचा, त्याच्या ओळखीतून हे तात्या भेटले, तात्या सत्तरीचे, आणि ह्या रानाचे जे बरेच मालक आहेत त्यातले गावात राहणारे ते एकटेच. मी काही श्रीमंत माणूस नाही, पुण्यात टूबीएचके आहे, त्याचं लोन मागच्या वर्षी फिटलं आणि तेव्हापासून डोक्यात हा किडा.

जानेवारीत कुंभार्ली घाटाने गेलो. पऱ्ह्यातून, म्हणजे ओढ्यातून, वर चढायचं, रस्ता असा नाहीच, बाजूवाल्याच्या गडग्याला, म्हणजे दगडी बांधाला, खिंडार पाडलेलं आहे त्यातून आत. ऐन, किंजळ, कुंभा, जांभूळ, खालच्या अंगाला दोन रातांबे (कोकमाची झाडं), गारंबीचा एक वेल असा जाड की मुलाने त्याला लोंबकळून झोका घेतला. तात्या म्हणाले "आमच्या आज्यापासून ह्या रानाला कुऱ्हाड नाय लागली." मी मान डोलावली आणि खाली बघितलं. एका किंजळीच्या बुंध्यातून पाच खोडं निघालेली, सगळी माझ्या मांडीएवढी, आणि मधे जुना खुंट कुजून पोकळ झालेला, त्यात पालापाचोळा आणि एक गोगलगाय. पुढच्या ऐनाला चार खोडं. त्याच्या पुढच्याला तीन. मग दिसायलाच लागलं. सगळं रानच फुटव्यांचं आहे, म्हणजे बारा-पंधरा वर्षांमागे साफ तोडलेलं आणि परत आलेलं. आणि खोडांवर गुडघ्यापर्यंत काळा पट्टा, म्हणजे गेल्या एक-दोन उन्हाळ्यांत वणवाही फिरून गेलाय. तात्या खोटं बोलत होते असं मला वाटत नाही, त्यांच्या मते तोडणं म्हणजे मुळासकट काढणं, फुटवे येतात तर ते तोडणं कसलं.

एकच झाड खरंच आज्याच्या वेळचं आहे. बेहडा. आम्ही तिघांनी हात धरले तरी कवेत आला नाही. बेहड्यात भूतं राहतात म्हणून आणि लाकूडही फारसं कामाचं नाही म्हणून कुणी हात लावला नाही त्याला. वर वीसेक फुटांवर एक ढोली आहे आणि खाली जमिनीवर कसल्याकसल्या बियांचा सडा. तात्या म्हणाले उन्हाळ्यात मोठा पक्षी येतो, पंखांचा आवाज होतो वाफेच्या इंजिनासारखा. धनेश. मादी ढोलीत बसून स्वतःला आतून लिंपून घेते, एक फट ठेवते आणि नर काही महिने त्या फटीतून फळं भरवत राहतो. खरं सांगायचं तर मी तिथेच मनातल्या मनात चेक फाडला होता, बायकोने माझा चेहरा बघून दंडाला चिमटा काढला म्हणून तोंडाने काही बोललो नाही.

आता कागद. घरी येऊन सातबारा, फेरफार, आठ-अ सगळं काढलं आणि वकिलाला दाखवलं. पहिला प्रश्न तुम्ही शेतकरी आहात का, कारण १९४८ च्या कूळ कायद्याप्रमाणे शेतकरी नसाल तर शेतजमीन कलेक्टरच्या परवानगीशिवाय घेता येत नाही, आणि जंगल असलं तरी कागदावर ही शेतजमीनच. बाबांच्या साताऱ्याच्या सातबाऱ्यावर माझं नाव लागलेलं आहे म्हणून तिथे सुटलो. (बाबांना हे सांगितलं तेव्हा म्हणाले, बघ, खऱ्या रानाच्या जिवावर खोटं रान घेतोयस.)

दुसरी गोष्ट जास्त अवघड. सातबाऱ्याच्या 'इतर हक्क' रकान्यात खाजगी वनाची नोंद आहे का ते बघा असं वकिलांनी तीनदा सांगितलं. १९७५ चा महाराष्ट्र खाजगी वने संपादन कायदा आहे, ३० ऑगस्ट १९७५ ला राज्यातली खाजगी वनं एका फटक्यात सरकारची झाली आणि ज्यांची सगळी मिळून जमीन १२ हेक्टरच्या आत होती त्यांना ती परत देण्याची सोय नंतर कलम २२अ ने झाली. पण परत दिल्याचा फेरफार, म्हणजे मालकी बदलल्याची नोंद, झाला का नाही हे प्रत्येक गट नंबरला वेगळं. मुलुंडच्या बाजूला हजारो फ्लॅटवाल्यांना असंच अचानक कळलं होतं की आपली बिल्डिंग कागदोपत्री खाजगी वनात आहे, १९५० च्या दशकात निघालेल्या, भारतीय वन कायद्याच्या कलम ३५(३) च्या नोटिशींमुळे, आणि शेवटी ३० जानेवारी २०१४ ला सुप्रीम कोर्टाने सांगितलं की नुसती नोटीस काढून भागत नाही, ती मालकाला बजावलेली पाहिजे. तेव्हा कुठे ते सुटले. माझ्या गटावर तशी नोंद नाही. पण नोंद नसली तरी कोर्टाचा १२ डिसेंबर १९९६ चा आदेश आहेच, की मालकी कुणाची का असेना, जंगल म्हणजे शब्दकोशात ज्याला जंगल म्हणतात ते, आणि त्याला १९८० चा वनसंवर्धन कायदा लागू. त्या कायद्यात २०२३ ला बदल झाले आणि त्यावर परत कोर्टकचेरी चालू आहे.

थोडक्यात तिथे घर बांधायचं विसरायचं. बायकोचा प्रश्न साधा होता, "म्हणजे संडास पण नाही?" नाही. पाच तास गाडी चालवून जायचं, फिरायचं, पाच तास परत यायचं किंवा देवरुखला लॉजवर राहायचं.

आणि सातबाऱ्यावर २३ नावं. त्यातली दोन वारलेली, वारस लागलेले नाहीत, बाकीचे डोंबिवली, विरार, एक सुरतला, एक आत्या कुठे आहे ते कुणालाच नक्की माहीत नाही. कोकणात हे अगदीच कॉमन, तात्या हसत म्हणाले गणपतीला सगळे भेटतात पण तेव्हा जमिनीचा विषय काढला तर पुढच्या वर्षी भेटायचे नाहीत. वकील म्हणतात वारसनोंद, सगळ्यांची संमती, मोजणी, पेपरात जाहीर नोटीस, किमान दीड वर्ष धरा. मी वैतागलो होतो. मग आठवलं की शेजारचा गट, जिथून आम्ही गडगा ओलांडून गेलो, तो एकाच माणसाच्या नावावर होता. क्लिअर टायटल. तीन वर्षांमागे विकला गेला, आता तिथे जेसीबीने पायऱ्या पाडल्यात, लोखंडी गेट आहे आणि त्यावर फार्म प्लॉटचा बोर्ड. परवानगी कशी मिळाली कोण जाणे. म्हणजे इकडचं रान उभं आहे ते कुणाच्या निसर्गप्रेमाने नाही, २३ जणांचं एकमेकांशी पटत नाही म्हणून. आणि मी दीड वर्ष खपून, पैसे घालून, तेवीस नावांचं एक नाव करणार. माझ्यानंतर मुलाने ते कुणाला दिलं तर?

पैशाचं गणित फार लांबवत नाही. चौदा लाखांची एफडी केली तर सात टक्क्यांनी वर्षाला अठ्ठ्याण्णव हजार. उलट रान घेतलं तर दर डिसेंबरात वणवा अडवायला चारी बाजूंनी गवत काढून जाळरेषा मारायला गडी लावायचे, गावातल्या कुणालातरी लक्ष ठेवायला महिन्याला काहीतरी द्यायचं, वरून मोजणी, वकील, स्टँप ड्युटी. उत्पन्न म्हणजे रातांबे आणि थोडा बेहडा. बँक ह्यावर लोन देत नाही, विचारून झालं, मॅनेजर बाई फार सभ्यपणे हसल्या.

आणि मग परवा तात्यांचा फोन आला, जरा घाईत. लाकूडवाला येऊन गेला म्हणे. जमीन नको त्याला, नुसतं उभं रान पाहिजे, तोडायला. परवानगीचं वगैरे तो बघतो. तुमचं काय ते लवकर सांगा. मी विचारलं किती देतोय, तर म्हणाले एक लाख सत्तर, बेहडा सोडून.

एक लाख सत्तर हजार! मी तो आकडा कागदावर लिहून बघत बसलो होतो. म्हणजे ह्या सगळ्या रानाची, ऐन-किंजळीची, पंधरा वर्षांची किंमत एवढीच. उरलेले बारा लाख तीस हजार कशाचे, तर जमिनीचे, म्हणजे सातबाऱ्यावर माझं नाव यायचे. बायकोला दाखवलं तर ती भाजी चिरता चिरता म्हणाली, "मग तात्यांना एक सत्तर तूच दे ना, तोडू नका म्हणून."

मी आधी हसलो आणि मग हसायचं थांबलो. कारण हे काही तिचं डोकं फिरलेलं नाही. पुण्याची एईआरएफ (अप्लाइड एन्व्हायर्नमेंटल रिसर्च फाउंडेशन) संस्था आहे, ती त्याच तालुक्यात रानमालकांशी करार करूनच काम करते, रान ठराविक वर्षं तोडायचं नाही आणि त्याचा मोबदला घ्यायचा. जमीन ज्याची त्याची. चौदा लाख देऊन मी जे करणार होतो तेच, म्हणजे काहीच न करणं, पाऊणेदोन लाखात होतंय, वर जाळरेषेचा खर्च. पण सातबाऱ्यावर नाव नाही. आणि खरं सांगू का, हे वाचून मला वाईट वाटलं. म्हणजे मला ते रान वाचायला हवंय का माझं व्हायला हवंय, तर बहुतेक दुसरंच, कारण पहिलं एवढ्या स्वस्तात मिळतंय तरी जीव खाली पडत नाहीये. कागदाच्या कोपऱ्यात माझं नाव, तालुका, गट नंबर असं लिहून बघितलं होतं मी, शाळेतल्या पोरासारखं.

काल तात्यांना फोन केला. सगळं नीट सांगितलं, की तात्या, जमीन तुमचीच राहू दे, लाकूडवाला देतोय तेवढे मी देतो, तीन हप्त्यात, दहा वर्षं तोडायचं नाही, कागद करू, वणव्याचा खर्च माझा. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "म्हणजे तू पैसे देणार आणि नेणार काय?"

म्हटलं काही नाही, वर्षातून दोनदा येऊन बघून जाईन.

"बघायला पैसे कशाला लागतात, असाच ये की." मग जरा थांबून, "काय भानगड आहे खरं सांग, खाली काय खनिज-बिनिज सापडलंय काय?" नाही ओ तात्या. त्यांना काही पटलेलं दिसलं नाही. शिमग्याला मुंबईहून भाऊ न् पुतणे येतायत, त्यांच्यापुढे विषय काढतो म्हणाले, तोवर लाकूडवाल्याला थांबवून ठेवतो, पण तूही ये, मला हे असलं समजावून सांगता यायचं नाही. शिमगा पुढच्या महिन्यात आहे. रजा टाकलीय, आणि बाबा म्हणतायत मी पण येतो, बघू तरी कसलं रान आहे ते.