पैलवानाचं काळीज किती मिलिमीटर?

कार्डिॲक सोनोग्राफीत एम.एस्सी. करतेय असं सांगितलं की कोल्हापुरात पुढचे प्रश्न ठरलेले. "म्हणजे डॉक्टर होणार?" नाही. "मग नर्स?" तेही नाही. "मग ते पोटावर फिरवतात, ते?" जवळपास, पण पोटावर नाही, छातीवर. डॉक्टर "टूडी-इको काढून आणा" म्हणून चिठ्ठी देतात ना, तो इको काढणारी मी. रिपोर्टवर सही कार्डिऑलॉजिस्टची. चित्र आमचं, निदान त्यांचं. आमच्यासारख्यांसाठी २०२१ साली केंद्राचा कायदाही झाला, त्यामुळे आता 'टेक्निशियन बाई'च्या जागी 'आरोग्यसेवा व्यावसायिक' असं भारदस्त बिरुद आहे. ओपीडीत हाक मात्र अजून "ओ इकोच्या मॅडम" अशीच येते.

घरात बाबांना हे काही समजावून सांगावं लागलं नाही. ते शिरोली एमआयडीसीत एका फाउंड्रीत क्वालिटीला आहेत. कास्टिंगच्या पोटात ब्लो होल आहे का, तडा आहे का, हे बघायला रोज अल्ट्रासॉनिक टेस्टिंग करतात. ग्रीस लावायचं, प्रोब टेकवायचा आणि पडद्यावर उसळी कुठे येते ते बघायचं. इकोचा जन्म तिथलाच. स्वीडनमधल्या लुंड गावात इंगे एडलर नावाच्या हृदयरोगतज्ज्ञाला मायट्रल झडपेची अवस्था ऑपरेशनआधी कळायला हवी होती. १९५३ साली त्याने हेल्मुट हर्ट्झ या तरुण भौतिकशास्त्रज्ञाला गाठलं. माल्मोच्या जहाजबांधणी कारखान्यात धातूतले दोष शोधायचं यंत्र होतं, ते या दोघांनी हृदयावर लावून बघितलं. हे सांगितल्यावर बाबांनी चहाचा कप खाली ठेवला आणि म्हणाले, "म्हणजे तुमचं सगळं आमच्याकडनं उसनं नेलेलं." खरंच आहे. पोलादात आवाज सेकंदाला साधारण ५९०० मीटर धावतो, माणसाच्या मऊ ऊतींत १५४० धरतात. ग्रीसच्या जागी जेल आलं. बाकी तत्त्व तेच. फक्त बाबांचं कास्टिंग श्वास घेत नाही, आणि रिजेक्ट झालं तर निवांत परत भट्टीत जातं.

डेझर्टेशनचा विषय निवडताना सरांकडे एक यादी होती: डायबेटिसमधलं हृदय, किडनीच्या पेशंटचं हृदय, केमोथेरपीनंतरचं हृदय. सगळे चांगले विषय, पेशंटही भरपूर. पण मी गंगावेशीजवळ वाढले. पहाटे क्लासला जाताना तालमीतून बैठकांचा आवाज ऐकत गेलेली मी. मी म्हटलं, सर, पैलवान घेऊ का? सर हसले आणि म्हणाले, आधी १९७५ चा पेपर वाचून ये.

तो पेपर मॉर्गनरॉथ आणि त्याच्या सहकाऱ्यांचा, अमेरिकेतला. त्यांनी धावणारे, पोहणारे, गोळाफेक करणारे आणि चक्क कुस्ती खेळणारे यांची हृदयं इकोवर मोजली. तेव्हाचा इको म्हणजे एम-मोड, आज बघताना भूकंपमापकाच्या कागदासारखा वाटतो. त्यांना दिसलं ते असं: धावणाऱ्या-पोहणाऱ्यांचा डावा कप्पा मोठा झालेला, भिंती नेहमीच्याच. कुस्तीवाल्यांच्या आणि गोळाफेकवाल्यांच्या भिंती जाड, कप्पा नेहमीएवढाच. कारण सोपं मांडलं होतं. पळताना हृदयाला जास्त रक्त ओढावं लागतं, जोर लावताना जास्त दाबाविरुद्ध ढकलावं लागतं. जोर लावताना दाब किती चढतो हे पुढे १९८५ साली कॅनडातल्या एका अभ्यासात हाताच्या धमनीतच नळी घालून मोजलं गेलं. दोन्ही पायांनी वजन ढकलताना सरासरी ३२०/२५०, आणि एका गड्याचा ४८०/३५० च्याही वर. आपल्या ओपीडीत १६०/१०० निघाला तरी घरची माणसं घाबरी होतात.

हे दोन खणांचं गणित पुढे बरंच घासलं गेलं. नंतरच्या सगळ्या अभ्यासांत ते तसंच्या तसं दिसलं नाही. जोर लावताना माणूस श्वास कोंडतो, त्यामुळे छातीतलाही दाब वाढतो आणि हृदयाच्या भिंतीवरचा खरा ताण आपण समजतो तेवढा नसावा, असंही म्हणणं आलं. माझी शंका जरा वेगळी होती, आणि ती तालमीच्या शेजारी राहणाऱ्यालाच पडेल अशी. आमचा पैलवान यातल्या कुठल्या खणात बसवायचा? मॅटवरची कुस्ती तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्यांत संपते. मातीतली निकाली कुस्ती चितपट होईपर्यंत चालते. पहाटे शेकड्यांनी बैठका, जोर, दोर चढणं, जोतिबाचा डोंगर पळत गाठणं आणि मग हौद्यात लढत. यात पळणंही आलं आणि दाबणंही. सरांना मुद्दा पटला. सिनॉप्सिस पास झाला, एथिक्स कमिटीचा कागद आला.

मग पहिली अडचण. मला वाटलेलं, छोटं पोर्टेबल मशीन रिक्षात घालायचं आणि तालमीत जाऊन बसायचं. ते जमत नाही. इकोचं मशीन म्हणजे शेवटी सोनोग्राफीचंच मशीन, त्यामुळे गर्भलिंगनिदान रोखणारा १९९४ चा पीसीपीएनडीटी कायदा त्यालाही लागू. ज्या पत्त्यावर नोंद, तिथेच ते चालवायचं. कोल्हापुरात याबद्दल कुणी कुरकुर करू नये असं माझं स्पष्ट मत आहे. २००१ च्या जनगणनेत आपल्या जिल्ह्यात शून्य ते सहा वयोगटात हजार मुलांमागे ८३९ मुली होत्या. लक्ष्मीकांत देशमुख जिल्हाधिकारी असताना सोनोग्राफी मशीनना 'सायलेंट ऑब्झर्व्हर', म्हणजे तपासण्यांची नोंद ठेवणारं यंत्र, जोडायची मोहीम इथूनच निघाली. तेव्हा पर्वत महंमदाकडे जाणार नसेल तर… म्हणजे पैलवानांनीच यायचं ठरलं.

आणि ते आले. एका वस्तादांनी आठवड्याला चार-पाच पोरं पाठवायचं कबूल केलं आणि पहिल्या दिवशी स्वतः सोबत आले. खासबागेत हजारो लोकांपुढे लंगोटावर उतरणारी ही पोरं इको रूममध्ये शर्ट काढताना मात्र लाजून अर्धमेली होतात. एक जण तर बनियनमधूनच होतंय का बघा म्हणाला.

पैलवानाचा इको काढणं सोपं नाही. पेशंटला डाव्या कुशीवर वळवायचं, डावा हात डोक्याखाली, म्हणजे बरगड्या फाकतात आणि हृदय छातीच्या भिंतीजवळ सरकतं. तिसऱ्या-चौथ्या बरगडीच्या फटीत प्रोब धरायचा. पण इथे त्या फटीच्या वर बोटभर जाडीचा स्नायू. मी उजव्या बाजूला बसते, म्हणजे एकशे वीस किलोच्या देहावरून हात पलीकडे नेऊन प्रोब दाबून धरायचा. या धंद्यात खांदेदुखी सगळीकडेच आहे, माझी मात्र तालमीतून आलेली आहे. आणि श्वासाची वेगळीच गंमत. फुफ्फुसात हवा असली की हृदय झाकलं जातं, म्हणून आम्ही सांगतो, "श्वास पूर्ण सोडा आणि थांबा." 'थांबा' ऐकलं की पैलवान सवयीने छाती फुगवूनच थांबतो. पडदा पांढरा. "सोडा ओ दादा, सोडा." "सोडलाय की!" छाती तशीच फुगलेली. शेवटी वस्तादांनी बाहेरून आवाज दिला, "आरं, पडल्यावर सोडतोस तसा सोड!" तेव्हा कुठे चित्र आलं.

आता मिलिमीटर. पुरुषाच्या डाव्या कप्प्याची भिंत नॉर्मलला ६ ते १० मिमी. १९९१ साली इटलीतल्या ९४७ अव्वल खेळाडूंचा अभ्यास आला. त्यात १३ मिमी किंवा जास्त भिंत फक्त १६ जणांची, आणि एक सायकलवाला सोडला तर सगळे होडी वल्हवणारे. म्हणून १३ दिसलं की डॉक्टर थबकतात. कारण पाचशेत साधारण एकाला असणारा हायपरट्रॉफिक कार्डिओमायोपॅथी हा आनुवंशिक आजारही भिंत जाडच करतो, आणि मैदानात अचानक कोसळणाऱ्या तरुण खेळाडूंमागे तो असू शकतो. १३ ते १५ हा धूसर पट्टा. पैलवानकी आहे की आजार, हे तिथे नुसत्या जाडीवरून सांगता येत नाही.

आणि हा आकडा कर्सर टेकवून मी काढायचा असतो. ईसीजीच्या आर-लाटेशी फ्रेम थांबवायची, झडपेच्या पाकळ्यांच्या टोकाशी भिंतीला काटकोनात रेघ मारायची. रेघ तिरपी गेली की भिंत आपोआप जाड होते. हृदयाच्या स्नायूचं वजन काढायच्या सूत्रात तर दोन्ही भिंती आणि कप्पा यांची बेरीज करून तिचा घन करतात. ११, ५२, ११ मापं घातली तर २२१ ग्रॅम येतात. भिंती ११ च्या ऐवजी १२ घेतल्या, म्हणजे दोन्हीकडे फक्त एक-एक मिलिमीटर, तर २४९. मशीन दोन्ही उत्तरं सारख्याच ठसठशीत अक्षरात छापतं.

कागलकडचा एक पोरगा असाच एका तपासणी शिबिरातला रिपोर्ट घेऊन आला. सेप्टम, म्हणजे डाव्या-उजव्या कप्प्यांमधली भिंत, १४ मिमी, खाली 'एचसीएम?' (तोच हायपरट्रॉफिक कार्डिओमायोपॅथी) असं प्रश्नचिन्हासकट. वडिलांनी इंटरनेटवर ते शोधलेलं, त्यामुळे चेहरे उतरलेले. वस्ताद म्हणाले, "पोराच्या काळजाला काय धाड भरलीया? दीड तास लढतंय." दीड तास लढतंय हा काही पुरावा नाही, पण त्यांना तसं कोण सांगणार.

पहिल्या चित्रात मलाही सेप्टम जाडच दिसला. मग क्लिप एकेक फ्रेम करून फिरवली. हृदय आकुंचन पावताना सेप्टमच्या उजव्या अंगाला एक पट्टी किंचित सुटते, मध्ये केसाएवढी काळी रेघ दिसते आणि प्रसरण पावताना पुन्हा चिकटते. ती पट्टी सेप्टमची नाहीच. उजव्या कप्प्यातला स्नायूचा दोर, बऱ्याच लोकांत असतो, मोजमापात धरायचा नसतो. प्रोब एक बरगडी वर सरकवला, रेघ काटकोनात आणली, आडव्या छेदातही बघून घेतलं. खरा सेप्टम ११. कप्पा ५६, म्हणजे मोठा. आजारात तो बहुधा लहान होतो, ४५ च्या आत. टिश्यू डॉपलरवर भिंत सैल पडायचा वेग छान. सरांनी माझे आकडे झाकून स्वतः पुन्हा मोजलं, ईसीजी पाहिला, घरात कुणी अचानक गेलंय का विचारलं आणि मग सही केली. वडील काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी वॉर्डबॉयच्या हाती अर्धा डझन ओले नारळ आले.

सगळ्यांचं असं सुटत नाही. दुसऱ्या एकाची भिंत कुठूनही मोजली तरी १३. अशा वेळी एक उपाय म्हणजे तीन महिने मेहनत बंद ठेवून पुन्हा इको. खेळामुळे जाड झालेली भिंत उतरते, आजाराची उतरत नाही. सरांनी हे सांगितल्यावर वस्ताद उसळलेच. "तीन म्हैनं? आता तर जत्रा सुरू झाल्या! खुराक तेवढाच आणि मेहनत बंद, म्हंजे पोरगं फुटंल की!" सर शांतपणे म्हणाले, खुराकही कमी करा. तो सल्ला तालमीत कितपत पोचलाय याची मला शंका आहे.

आणि सगळ्यात जाड भिंत पैलवानाची निघालीच नाही. तुलनेसाठी व्यायामाशी संबंध नसलेली त्याच वयाची मुलं लागतात. त्यातला एक, मित्रासोबत सहज आलेला, कॉमर्सचा विद्यार्थी. सेप्टम १७, कप्पा ४१. संमतीपत्रात एक ओळ होती, की अभ्यासात काही आढळल्यास तुम्हाला कळवू का. बहुतेक जण न वाचताच 'हो'वर खूण करतात, त्यानेही केली होती. अभ्यासातून त्याचं नाव निघालं आणि पेशंटांच्या रजिस्टरमध्ये चढलं. आई, वडील, धाकटी बहीण, सगळ्यांचे इको झाले. त्या घरात काय निघालं ते इथे लिहायचं नाही.

त्यामुळे माझ्याकडे पैलवान भरपूर आणि साधी माणसं कमी अशी अवस्था आहे. अठरा ते तीस वयाचे, जिमला पैसे भरून न जाणारे पुरुष हवेत. असे लोक माझ्या वाचकांत पुष्कळ आहेत हे मला ठाऊक आहे. रिपोर्ट मोफत, जेल थंड, आणि श्वास खरंच पूर्ण सोडायचा.