उत्तर ६० आलं तर? टर्मिनलवर बीमचं गणित शिकवताना

कॉम्प्युटरच्या टर्मिनलवर गणित दिलं आणि उत्तराला नुसतं ‘बरोबर’ किंवा ‘चूक’ म्हटलं, तर विद्यार्थ्याच्या हाती फारसं काही लागत नाही. अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठात १९६० मध्ये डोनाल्ड बिट्झर यांनी सुरू केलेली प्लेटो ही कॉम्प्युटरवर शिकवणारी प्रणाली याच्या पुढे गेली. तिच्यावर धडे लिहिण्यासाठी पॉल टेन्झार यांनी ट्यूटर ही भाषा तयार केली. बरोबर उत्तरासाठी तिच्यात जशी आज्ञा होती, तशीच अपेक्षित चुकीच्या उत्तरासाठीही होती. आकड्याच्या मागे किती टक्के फरक चालेल तेही लिहिता यायचं. शिकवणाऱ्याचं खरं कसब दिसतं ते या चुकीच्या उत्तरांच्या यादीत.

एक उदाहरण घेऊ. सिंपली सपोर्टेड बीम (दोन्ही टोकांना नुसती टेकूंवर ठेवलेली तुळई), स्पॅन म्हणजे टेकूंमधलं अंतर ६ मीटर, मधोमध २० किलोन्यूटनचा पॉइंट लोड, म्हणजे एकाच ठिकाणी पडणारा भार. कमाल बेंडिंग मोमेंट (बीमला वाकवणारा परिणाम, जोर गुणिले अंतर) किती? पीएल (लोड गुणिले स्पॅन) भागिले ४, म्हणजे ३० किलोन्यूटन-मीटर. एक टक्का सवलत दिली की २९.७ ते ३०.३ चालेल.

आता चुका बघा. कुणी ६० लिहिलं, तर त्यामागे दोन कारणं असू शकतात: रिअॅक्शन (टेकूचा वर ढकलणारा जोर, इथे लोडच्या निम्मा) निम्मी न करता २० गुणिले ३ केलं, किंवा रिअॅक्शन बरोबर १० काढून अर्ध्याऐवजी पूर्ण स्पॅनने गुणलं. म्हणून ६० वर लगेच समजावत बसू नका. आधी विचारा, ‘डावीकडची रिअॅक्शन किती?’ उत्तर २० आलं तर समतोलाची समीकरणं पक्की करायची. १० आलं तर मोमेंटचं अंतर कुठून कुठे मोजायचं ते दाखवायचं. १५ चंही तसंच. लोड सगळ्या स्पॅनवर सारखा पसरलाय असं धरलं तरी १५ येतं, टोकं फिक्स्ड, म्हणजे घट्ट जखडलेली धरली तरी मधल्या मोमेंटचा आकडा १५ च. इथेही पुढचा प्रश्न हवाच.

म्हणूनच आकडे निवडताना घाई नको. स्पॅन ४ मीटर घेतला, तर मोमेंटचा आकडा लोडइतकाच येतो. काहीही न समजता नुसता लोड टाइप करणारा पास होतो. २ मीटरला तो रिअॅक्शनइतका येतो. प्रत्येक विद्यार्थ्याला वेगळे आकडे देणार असाल, तर हे दोन स्पॅन आधी वगळा.

सवलत टक्क्यांत द्यायची, पण उत्तर शून्य असेल (टेकूवरचा मोमेंट, उदाहरणार्थ) तर शून्याचा एक टक्का शून्यच. तिथे ठरावीक मर्यादा हवी, समजा ०.०५.

एकक नसेल तर प्रयत्न मोजू नका, फक्त एकक मागा. ३०,००० न्यूटन-मीटर हे उत्तर बरोबरच आहे, म्हणून तुलना एकाच एककात आणूनच करा. प्रोग्रॅम पायथॉनमध्ये लिहीत असाल तर ३०,००० मधल्या स्वल्पविरामावर फ्लोट (टाइप केलेल्या मजकुराचा आकडा करणारी आज्ञा) अडकतं. तो आधी काढून टाका, नाहीतर बरोबर उत्तर देणाऱ्याच्या स्क्रीनवर एररचा ढीग येतो आणि तो बिचारा आपलं गणितच चुकलं समजतो. देवनागरी अंक मात्र फ्लोट नीट वाचतं.

मजकूर आटोपशीर ठेवणं प्लेटोवर सक्तीचंच होतं. १९७२ च्या प्लेटो चार या आवृत्तीच्या नारिंगी प्लाझ्मा पडद्यावर ६४ अक्षरांच्या ३२ ओळी मावत. टेलिफोन लाइनवरून सेकंदाला साधारण १८० अक्षरं यायची, म्हणजे पूर्ण पडदा भरायला अकरा सेकंदांच्या वर. त्यामुळे आकृती तशीच ठेवून बदललेल्या ओळीच पुसायच्या. आज वेग भरपूर आहे, तरी ही पद्धत सोडू नये: बीमची आकृती, लोड आणि विद्यार्थ्याने दिलेलं उत्तर, तिन्ही एकाच वेळी समोर दिसलं पाहिजे.

यादीत नसलेलं प्रत्येक उत्तर फाइलमध्ये साठवा, सोबत त्या विद्यार्थ्याला मिळालेले आकडेही. बॅच संपली की फाइल उघडायची, आणि एकाच प्रकारची चूक तीन-चार जणांकडे दिसली की पुढच्या बॅचआधी तिच्यासाठी वेगळा प्रश्न लिहायचा.