शेरा : शेवटचे पान सुटे

स्मरणिकेच्या संपादकांनी फोनवर विचारलं, "तुमच्या नावापुढे काय छापू? प्राध्यापक?" म्हटलं, ग्रंथपाल छापा. ते जरा हिरमुसलेच. माझी आई तर शेवटपर्यंत विचारत राहिली, "तठे तू काय काम करस रे भाऊ?" जुन्या पोथ्यांची यादी करतो, असं सांगितलं की म्हणायची, "यादी करानाबी पगार भेटस?"

भेटतो. अरबी, हिब्रू आणि सिरियाक हस्तलिखितांच्या सूच्या करण्यात माझी सगळी नोकरी गेली. सिरियाक म्हणजे पश्चिम आशियातल्या ख्रिस्ती लोकांची जुनी भाषा. तिन्ही भाषा सेमिटिक कुळातल्या, म्हणजे एकमेकींच्या नात्यातल्या, उजवीकडून डावीकडे लिहायच्या. पण या कामाची सुरुवात आपल्या शाळेच्या जिन्याखालच्या दोन लोखंडी कपाटांपाशी झाली.

साल १९७९, मी आठवीत. ग्रंथालय मराठीच्या सरांकडे होतं. वार्षिक परीक्षा संपली की पुस्तकांची मोजणी व्हायची. दाखल नोंदवही उघडून सर क्रमांक वाचायचे आणि आम्ही पुस्तक वर करून दाखवायचं. त्या वर्षी पंचतंत्राची प्रत वर केली, तर शेवटचं पान नाही. सरांनी माझ्याकडे पाहिलं, कारण सकाळी झाडू मीच मारला होता. पिवळा पडलेला एक कागद केरात गेल्याचं मला आठवत होतं, पण बोलायची छाती होईना. सर ओरडले नाहीत. फक्त म्हणाले, "चला, केर चाळू."

हौदामागच्या उकिरड्यावर भर उन्हात आम्ही दोघं उकिडवे बसलो. शेंगांची टरफलं, खडूचे तुकडे, पेन्सिलींची सालपटं. तासाभराने पान हाती लागलं, एक कोपरा गेलेला. सरांनी घरून खळ करून आणली, कसर लागू नये म्हणून तिच्यात चिमूटभर मोरचूद घातलं आणि पान बसवलं. नोंदवहीच्या शेऱ्याच्या रकान्यात त्यांनी लिहिलं : 'शेवटचे पान सुटे. सापडले. चिकटवले. उजवा कोपरा नाही.' तो कोपरा कोणाच्या लक्षातही आला नसता. तरी लिहिलं.

सर मोडी वाचायचे, त्यामुळे फारसी-अरबी शब्दांचा त्यांना नाद. एकदा फळ्यावर तहसील, महसूल, हशील असे तीन शब्द लिहून विचारलं, यांत सारखं काय? उत्तर त्यांनीच दिलं. ह, स, ल. अरबीत शब्द असे तीन व्यंजनांच्या खुंट्यांवर टांगलेले असतात. मागच्या बाकावरून कोणीतरी बोललं, "पण सर, हे शिकून काय हशील?" वर्ग खदखदला, सर सर्वांत जास्त. मला मात्र त्या रात्री झोप आली नाही. किताब, कातिब, मकतब... घरातले, बाजारातले शब्द सोलून बघायचं वेडच लागलं.

त्याच वर्षी सरांनी आम्हांला धुळ्याला नेलं. इतिहासाचार्य राजवाडे ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्यातच वारले आणि पुढच्याच वर्षी त्यांच्या नावाने संशोधन मंडळ उभं राहिलं. तिथे कापडात बांधलेले कागदांचे रुमाल पहिल्यांदा पाहिले. एवढे कागद गावोगाव हिंडून गोळा करायचे आणि कोणता कागद कुठे आहे याचा पत्ता ठेवायचा, हे कोणाचं तरी आयुष्यभराचं काम असू शकतं, हे तिथे कळलं.

पुढचं भराभर सांगतो. मुंबईला अरबी घेऊन एम. ए. हिब्रू शिकलो ते एका बेने इस्रायली, म्हणजे मराठी बोलणाऱ्या ज्यू समाजातल्या आजोबांकडे, तेही मराठीतून. सिरियाकसाठी कोट्टायम, कारण केरळच्या जुन्या ख्रिस्ती मंडळींची ती पूजेची भाषा. एका मुलाखतीत माझ्या बोलण्यातला खान्देशी हेल ऐकून साहेब हसले होते. नोकरी अर्थातच दुसरीकडे लागली.

ज्या माणसाचे ग्रंथ उशाशी ठेवून मी हे काम शिकलो, तो विल्यम राइट. जन्म १८३० चा, आपल्याच देशात, बंगालमध्ये. बाप कंपनी सरकारच्या फौजेत कॅप्टन, आईला फारसी येत होती. डब्लिनला अरबीचा प्राध्यापक असलेला हा माणूस १८६१ मध्ये ती जागा सोडून ब्रिटिश म्युझियमच्या हस्तलिखित विभागात साहाय्यक झाला. लोक ग्रंथपालाचे प्राध्यापक होतात, हा उलटा गेला! कारण इजिप्तच्या वाळवंटातल्या एका मठातून शेकडो सिरियाक पोथ्या लंडनला येऊन पडल्या होत्या, पानं विस्कटलेल्या, एकमेकींत मिसळलेल्या. १८७० ते १८७२ या काळात त्यांची सूची तीन खंडांत निघाली. तोवर तो केंब्रिजला अरबीचा प्राध्यापक झाला होता. १८८९ मध्ये वारला.

त्या पोथ्यांतली एक एडेसा शहरात, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातल्या उर्फात, लिहिलेली. त्यावर सन आहे तेव्हाच्या ग्रीक कालगणनेतलं ७२३, म्हणजे इसवी ४११. सन घातलेली याहून जुनी सिरियाक पोथी अजून मिळालेली नाही. ती लंडनला आली तेव्हा तिचं शेवटचं पान नव्हतं. नंतर आलेल्या चिटोऱ्यांच्या ढिगात त्या पानाचे तुकडे राइटच्या आधीच्या क्युरटन नावाच्या माणसाला सापडले. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून हौदामागचा उकिरडा आठवत बसलो.

आणखी एक गंमत. १८८४ मध्ये राइटने 'कलिला आणि दिम्ना'ची सिरियाक प्रत छापली. कलिला-दिम्ना म्हणजे आपले करटक आणि दमनक. संस्कृतातून पहलवीत, म्हणजे जुन्या इराणी भाषेत, पहलवीतून अरबीत, अरबीतून सिरियाकमध्ये गेलेलं आपलं पंचतंत्रच.

माझी पहिली सूची छापून आली तेव्हा ती घेऊन सरांच्या घरी गेलो. सर निवृत्त झाले होते, डोळ्यांना कमी दिसायचं. त्यांनी प्रस्तावना वाचून घेतली नाही की नाव कुठे छापलंय तेही विचारलं नाही. पुस्तक उलटं धरून सरळ शेवटचं पान काढलं आणि शिवणीवरून बोट फिरवलं.

"बांधणी कच्ची आहे रे," म्हणाले. "आत जाऊन थोडी खळ करायला सांग."

मोरचूद त्यांच्या कपाटात होतंच.